इन्हेलर शिकवणाऱ्या हातांची तपासणी

दम्याच्या पेशंटला इन्हेलर नीट घेता येत नाही, ही आमच्या ओपीडीतली रोजची तक्रार. "सांगून सांगून थकलो, पण घरी जाऊन हे आपल्याच मनाने घेतात," असं डॉक्टर म्हणतात, आम्ही नर्सेस म्हणतो, औषधाच्या खिडकीवरचे फार्मासिस्टही म्हणतात. पण जो सांगतो त्याला स्वतःला ते नीट घेऊन दाखवता येतं का, हे कधी कुणी तपासलं नव्हतं. आमच्या छातीरोग विभागाच्या प्रमुख मॅडमनी ते तपासायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे दिलं. मी तिथे स्टाफ नर्स आहे. रुग्णालय सरकारी, दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं. फडात पाचट पेटायला लागली, थंडी पडली, की कॅज्युअल्टीत धाप लागलेली माणसं रांगेनं येतात. त्यामुळे इन्हेलर ही आमच्याकडे सलाईनइतकीच रोजची गोष्ट.

निमित्त झालं एका आजींचं. दम कमी होत नाही म्हणून दुसरीकडून आमच्याकडे पाठवलेल्या. पिशवीतून त्यांनी औषधं काढून टेबलावर मांडली. त्यात रोटाकॅप्सची, म्हणजे श्वासातून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूलची, अर्धी संपलेली बाटली होती आणि ती पावडर ओढायचं यंत्र, रोटाहेलर होता. रोटाहेलर खोक्यातच, वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नाही. मी विचारलं, "आजी, हे मशीन वापरत नाही?" त्या म्हणाल्या, "त्याला काय करायचंय ओ बाई, गोळ्या खाते की येळच्या येळी." त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या, कित्येक महिने, सकाळ-संध्याकाळ न चुकता. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'एक कॅप्सूल दोन वेळा', आणि त्यांनी तंतोतंत तसंच केलं होतं. ती चिठ्ठी लिहिणारा, औषध देणारा, मध्ये एकदा त्या भरती झाल्या तेव्हा देखभाल करणारा, अशा किमान तीन शिकलेल्या माणसांच्या हातांखालून त्या गेल्या होत्या. आजींचा यात काडीचा दोष नव्हता. मॅडम तेव्हा टेबलाच्या पलीकडेच बसल्या होत्या. त्याच दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

तपासणीचे दोन भाग करायचे ठरले. आधी लेखी प्रश्न, मग प्रत्यक्ष हातात यंत्र देऊन घेऊन दाखवायला सांगणं. यंत्रं तीन: दाबायचं इन्हेलर, ज्याला आमच्याकडे सगळे पंप म्हणतात, तोच पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायचा प्लॅस्टिकचा पोकळ डबा) लावून, आणि पावडरच्या कॅप्सूलचा रोटाहेलर. औषध नसलेले सरावाचे पंप आणि रिकाम्या कॅप्सूल मिळवल्या. तोंडाला लावायचा भाग प्रत्येकाला स्वच्छ मिळावा याची सोय केली. नाहीतर दम्याचं शिकवता शिकवता एकमेकांचा खोकला वाटत बसलो असतो.

यादी बनवताना मला खूप शिकायला मिळालं. पंपाच्या पायऱ्या लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं चार-पाच होतील. लिहिता लिहिता त्या वाढत गेल्या. झाकण काढा, आत काही अडकलेलं नाही ना बघा. डबी चांगली हलवा, कारण बहुतेक पंपांत औषध द्रवात तरंगतं आणि नुसतं ठेवलं की खाली बसतं. ताठ बसा, हनुवटी किंचित वर. पंपापासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटून नळी दातांमध्ये धरा. हळूहळू श्वास आत ओढायला सुरुवात करा, आणि सुरुवात झाल्या झाल्या डबी एकदाच दाबा. दाबल्यावर ओढणं थांबवायचं नाही, तीन ते पाच सेकंद सावकाश ओढत राहायचं. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ, म्हणजे औषधाचा फवारा, हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो, आवाज बसतो. यातल्या ज्या पायऱ्या चुकल्या तर औषध फुप्फुसात पोचणारच नाही, त्यांच्यासमोर मॅडमनी लाल खूण केली. सगळ्या पायऱ्या नीट झाल्या तरी पंपातल्या औषधाचा लहानसा भागच फुप्फुसात उतरतो, बाकीचं तोंडात आणि घशात बसतं. लाल खुणेची एक पायरी चुकली तर तेवढंही उतरत नाही.

लेखी भाग बहुतेकांना बरा गेला. दमा म्हणजे काय, श्वासनलिका का आवळतात, कुठलं औषध काय करतं, हे नर्सेसना माहीत होतं, डॉक्टरांना तर होतंच. गोंधळ दोन ठिकाणी होता. एक म्हणजे रोजचं औषध कुठलं आणि धाप लागल्यावरचं कुठलं. सॅल्ब्युटामॉलचा, म्हणजे आपल्याकडे अस्थालिन म्हणून माहीत असलेला पंप नियमित चालू ठेवावा, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. खरं म्हणजे तो आवळलेली नळी तात्पुरती मोकळी करतो. आतली सूज उतरवतं ते स्टेरॉइड. जगभर दम्याच्या उपचारांची दिशा सांगणारी 'जिना' ही संस्था तर २०१९पासून सांगते आहे, की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नका. दुसरा गोंधळ: पंपात औषध किती उरलंय ते कसं ओळखायचं? "डबी पाण्यात टाकून बघायची, तरंगली तर संपली," असं उत्तर कितीतरी कागदांवर होतं. ती जुनी पद्धत आहे आणि विश्वासाची नाही. त्यातून डबीच्या तोंडात पाणी जातं ते वेगळंच. मोजणीचा आकडा असलेला पंप असेल तर आकडा बघायचा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहून पफ मोजायचे.

खरी परिस्थिती कळली ती यंत्र हातात दिल्यावर.

ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हर झाल्यावर बाजूच्या खोलीत एकेकाला बोलवायचो. "पेशंटला दाखवता तसं मला घेऊन दाखवा," एवढंच सांगायचं, मध्ये बोलायचं नाही, नुसत्या खुणा करायच्या. नुकताच लेखी कागदावर 'श्वास पूर्ण बाहेर सोडावा' असं लिहून आलेला माणूस पंप हातात घेतल्यावर श्वास बाहेर सोडतच नव्हता. पंप हलवायचा, तोंडात धरायचा, दाबायचा आणि मग ओढायचा. कुणी आधी दाबायचं, कुणी ओढून झाल्यावर. कुणी एका दमात दोनदा दाबायचं. एक इंटर्न इतक्या आत्मविश्वासाने आणि भरभर दाखवत होता, की मलाच क्षणभर वाटलं सगळं बरोबर आहे. यादी बघितली तेव्हा कळलं, दाबायच्या वेळी त्याचा श्वास बाहेर चालला होता. एक सोपी खूण आहे. दाबल्यावर ओठांच्या कडेने किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला, की औषध आत गेलेलं नाही. त्या खोलीत तो धूर मी पुष्कळ पाहिला.

स्पेसर सोपा, म्हणून त्यात चुका कमी असतील असं वाटलं होतं. तशा त्या कमी होत्याही, पण वेगळ्या होत्या. दोन-तीन पफ एकदम आत मारून मग ओढायचं, ही सर्रास. आत एकदम मारलेल्या पफांचे थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, एका वेळी एकच पफ मारायचा असतो. पफ मारून बोलत बसायचं आणि मग श्वास घ्यायचा, हीसुद्धा. आणि धुण्याबद्दल तर कुणालाच नीट सांगता येईना. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा, आतून फडक्यानं पुसायचा नाही, तसाच निथळत वाळवायचा. पुसलं की प्लॅस्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध भिंतीला ओढलं जातं. वॉर्डातले स्पेसर कापसानं घासून चकचकीत ठेवलेले होते. स्वच्छतेची इतकी काळजी घेणाऱ्या मावशींना कुणी कधी कारण सांगितलं नव्हतं, एवढंच.

रोटाहेलरची गंमत अशी, की त्यात श्वास अगदी उलट घ्यायचा असतो. पंप हळू, रोटाहेलर जोरात. पंपात गॅस औषध ढकलतो. रोटाहेलरमध्ये ढकलायला काही नाही, पावडर उडवायची ती आपल्याच श्वासानं. मी शिकवताना सांगते, घट्ट लस्सी स्ट्रॉने ओढता तसं, पहिल्या क्षणापासून जोर लावून. कॅप्सूलचं पारदर्शक टोक आधी चौकोनी भोकात घालायचं, वरच्या कडेशी सपाट होईपर्यंत दाबायचं, मग खालचा भाग फिरवायचा म्हणजे कॅप्सूलचे दोन तुकडे होतात. इथवर बहुतेक सगळ्यांचं जमलं. एक अनुभवी सिस्टर, ज्यांच्याकडून मी सलाईन लावायला शिकले, त्यांनी हे सगळं फार सफाईनं केलं आणि मग श्वास बाहेर सोडायचा म्हणून तोंडातल्या रोटाहेलरमध्येच सोडला. आत पावडर असती तर ती सगळी टेबलावर आली असती. पावसाळ्यात तर त्या वाफेनं उरलेली पावडर यंत्रातच चिकटून बसते. घेऊन झाल्यावर उजेडाकडे धरून आत पावडर उरलीय का हे बघणं, उरली असेल तर पुन्हा एकदा ओढणं, हे कुणीच केलं नाही. त्या सिस्टर खुर्चीवर तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, वीस वर्षं शिकवतेय मी हे. मला कुणी दाखवलंच नव्हतं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. नर्सिंगला असताना इन्हेलर पुस्तकात असतो, चित्रात असतो. परीक्षेला इंजेक्शन येतं, ड्रेसिंग येतं, कॅथेटर येतो. एमबीबीएसच्या मुलांचंही फारसं वेगळं नाही. वॉर्डात धाप लागलेल्याला नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून देणारं मशीन, लावला की काम झालं. मास्क चढवायचा, बटण दाबायचं, पेशंटनं नुसता श्वास घ्यायचा. आमचा हात त्यावर बसलेला. खरं तर झटका फार तीव्र नसेल तर स्पेसरमधून दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, मोठ्यांमध्येही आणि मुलांमध्येही, हे कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे. पण वॉर्डात सगळी भिस्त मशीनवर असते. मग पेशंटच्या घरचे विचारतात, "असलं मशीन विकत घ्यायचं का ओ?" आणि शिकवण्याचं म्हणाल, तर डॉक्टरांना वाटतं फार्मासिस्ट दाखवेल, फार्मासिस्टला वाटतं सिस्टरनी दाखवलं असेल, सिस्टरला वाटतं डॉक्टरांनी सांगितलंच असणार. प्रत्येकाचा समज प्रामाणिक असतो आणि पेशंट रिकाम्या हातानं घरी जातो.

हे फक्त आमच्याकडचं नाही. मॅडमनी आम्हाला २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा दाखवला. १९७५ ते २०१४ या काळातले वेगवेगळ्या देशांतले ५५ अभ्यास एकत्र केलेले, त्यांत डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असे सहा हजारांवर आरोग्य कर्मचारी. इन्हेलर बरोबर घेऊन दाखवण्याचं प्रमाण १५.५ टक्के. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं: १९९५पर्यंतच्या काळात ते २०.५ टक्के होतं, त्यानंतरच्या काळात १०.८वर आलं. यंत्रं वाढली, नवी आली, आणि शिकवणाऱ्यांचे हात मागे पडले. भारतात दम्याचे साधारण साडेतीन कोटी रुग्ण आहेत, आणि २०१९च्या जागतिक अंदाजाप्रमाणे दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त आपल्या देशातले. औषध बाजारात आहे, सरकारी रुग्णालयात फुकटही मिळतं. ते शेवटच्या वीतभर अंतरात, हातातून छातीत जाताना वाया जातं, याचा मला मनापासून राग येतो.

नर्सेसची तपासणी तशी सहज झाली. डॉक्टरांची कशी करायची, हा प्रश्न होता. रेसिडेंट डॉक्टर माझ्यासमोर बसून पंप घेऊन दाखवणार आणि मी टिकमार्क करणार, हे आमच्या व्यवस्थेत बसणारं नव्हतं. कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण ड्यूटी आहे, पेशंट आहे, नंतर येतो, असं चालू होतं. ते मॅडमनी मोडलं. सकाळच्या क्लासला सगळे जमलेले असताना त्या पुढे आल्या, माझ्या हातात यादी दिली आणि म्हणाल्या, "सिस्टर, आधी माझी घ्या." सगळ्यांसमोर तिन्ही यंत्रं घेऊन दाखवली. एका ठिकाणी त्यांचा श्वास दहा सेकंद रोखला गेला नाही. मी थोडी थबकले. त्या म्हणाल्या, "फुली मारा." मी फुली मारली. त्या दिवसानंतर एकही रेसिडेंट यायचा राहिला नाही.

शिकवायचं कसं, यात आम्ही व्याख्यान टाळलं. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. एकानं घ्यायचं, घेताना प्रत्येक पायरी तोंडानं म्हणायची. दुसऱ्यानं यादीवर बघायचं. मग उलट. पंपाचा श्वास किती हळू, हे शब्दांत सांगून कुणाला कळत नाही. त्यासाठी शिट्टीचं एक साधन मिळतं. योग्य गतीनं श्वास ओढला की ते वाजतं. पहिल्यांदा सगळ्यांचाच श्वास फार जोरात होता. घाईचं काम करणारी माणसं आम्ही, सावकाश श्वास घ्यायची सवयच कुणाला नाही. एक फिजिओथेरपिस्ट ताई या भागात फार कामी आल्या. त्यांनी यंत्र बाजूला ठेवायला लावलं आणि आधी नुसता श्वास शिकवला: पूर्ण सोडा, हळू भरा, धरून ठेवा. तो बसल्यावर मग पंप हातात. त्या क्रमानं शिकलेल्यांचं दाबणं आणि ओढणं लवकर जुळलं.

प्रशिक्षणानंतर लगेच घेतलेल्या तपासणीत जवळजवळ सगळे पास झाले आणि आमच्यात मोठा उत्साह आला. मॅडम म्हणाल्या, महिन्याभरानं बघू. महिना उलटून गेल्यावर पुन्हा तीच यादी घेऊन बसले, तर बरंच काही परत निसटलं होतं. श्वास बाहेर सोडणं आणि शेवटी रोखणं, या दोनच गोष्टी पुन्हा सगळ्यात जास्त चुकत होत्या. जिनाच्या मार्गदर्शनातही म्हटलं आहे, की शिकवल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत चुका परत येतात. ते पेशंटबद्दल लिहिलेलं आहे. आमच्याबद्दलही तेच खरं निघालं. ज्यांची ड्यूटी ओपीडीत होती, जे रोज दाखवत होते, त्यांचं टिकलं होतं. ज्यांची बदली सर्जरीला झाली, त्यांचं गेलं होतं.

म्हणून आता आम्ही एकदाच मोठं प्रशिक्षण घेण्याच्या भानगडीत पडत नाही. प्रत्येक मेडिसिन वॉर्डच्या नर्सिंग स्टेशनवर एक ट्रे ठेवला आहे. त्यात सरावाचा पंप, स्पेसर, रोटाहेलर, रिकाम्या कॅप्सूल आणि मराठीत छापलेली यादी. आठवड्यातून एकदा हँडओव्हरच्या वेळी इनचार्ज सिस्टर कुणालाही घेऊन दाखवायला सांगतात, त्यांनाही कुणीतरी सांगतं. दोन-तीन मिनिटांचं काम. पेशंटलाही आता "कळलं का?" असं विचारत नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. "घरी घेता तसं घेऊन दाखवा," असं म्हणतो आणि गप्प बसतो. चुकलं तर फक्त तेवढी पायरी आपण करून दाखवायची, मग पुन्हा त्यांच्या हातात. डॉक्टरांनीही एक बदल केला. शक्य असेल तिथे एका पेशंटला एकाच प्रकारचं यंत्र लिहितात. एक हळू ओढायचं आणि एक जोरात, असा घोळ मग घालावा लागत नाही.

पुढे आयुष्मान आरोग्य मंदिरातले, म्हणजे गावच्या उपकेंद्रातले, समुदाय आरोग्य अधिकारी आमच्याकडे शिकायला आले. त्यांची अडचण निराळीच होती. पंप मिळतात, स्पेसर मिळत नाहीत, आणि पेशंटला विकत घ्या म्हणावं तर जड जातं. त्यांना आम्ही बाटलीचा स्पेसर शिकवला. अर्धा लिटरची कोरडी प्लॅस्टिकची बाटली, बुडाला तापवलेल्या तारेनं पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक, पंप घट्ट बसवून कडा डिंकानं बंद केलेल्या. ही काही आमची युक्ती नव्हे. दक्षिण आफ्रिकेत दम्याचा झटका आलेल्या मुलांवर याचा रीतसर अभ्यास झाला आणि १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कडा नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड उतरली, आणि साधा थर्माकोलचा कप सगळ्यात कमी पडला. एका अधिकारी ताईंनी तिथल्या तिथे बाटली बनवून, श्वास घेऊन दाखवला; यादीवर एकही फुली आली नाही. त्यांच्या उपकेंद्रात आता आशाताईही हेच दाखवतात.

लहान मुलांच्या वॉर्डचं काम अजून अर्धवट आहे. तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला स्पेसरला मास्क लागतो, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे; रडणाऱ्या बाळाच्या तोंडाशी लांबून धरून उपयोग नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला तोंडात धरायची नळी चालते. हे सांगायचं आईला, कारण घरी देणार तीच. त्यामुळे तिथे नर्सच्या जोडीला आईचीही तपासणी घ्यावी लागते.

औषधाच्या खिडकीवर गर्दीमुळे शिकवणं शक्य नाही, हे फार्मासिस्ट दादांनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनीच तोड काढली. इन्हेलर देताना केसपेपरवर शिक्का मारतात: 'सिस्टरला घेऊन दाखवा, मग घरी जा'. पेशंट आमच्या टेबलाशी येतो, घेऊन दाखवतो, आम्ही सही करतो. दिवसा हे चांगलं चालतं. रात्री आणि रविवारी डिस्चार्ज झालेले मात्र सहीशिवाय निसटतात, म्हणून कॅज्युअल्टीच्या सिस्टर्सनाही या यादीत घ्यावं असा अर्ज मी इनचार्जकडे दिला आहे. त्यांच्यासाठी दोन ट्रे तयार करून कपाटात ठेवलेत.